पडद्यावरच्या सासूबाई

जुन्या व्हिडिओ कॅसेट्स कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेणारं कार्ड आज एकदाचं बसवलं. कॉम्प्युटरही कॅसेट्सच्याच वयाचा, म्हणून आधी नुसता कॅमेरा जोडून बघावा म्हटलं. समोर कुणीतरी हलायला हवं होतं. सासूबाईंनाच खुर्चीत बसवलं.

"हात हलवा बघू," मी म्हटलं. त्यांनी हलवला. पडद्यावरच्या सासूबाई मात्र स्तब्ध. मग क्षणभराने तिकडचा हात वर आला, पाण्याखालून काहीतरी अलगद तरंगत यावं तसा.

एकाच बाईचे दोन हात, आणि मधे एवढंसं अंतर. निघालेला पण न पोचलेला तो क्षण तेवढ्यात कुठे राहत असेल? खिडकीवरून एक ढग गेला. खोलीत ऊन परतलं, तरी पडद्यावर अजून सावलीच होती. बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं. आणि मग नेहमीसारखी चीड आली.

"किती वेळ लावायचा तो! आटपा की लवकर," मी कॉम्प्युटरवर खेकसले. खेकसल्यावर माझाच आवाज ओळखीचा वाटला. जिन्यात, जेवताना, बाथरूमच्या दाराशी मी दिवसभर हेच म्हणत असते, आणि ते कॉम्प्युटरला नसतं.

सासूबाईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्यांनी पदर सारखा केला आणि पडद्यावरच्या बाईचा पदर सारखा होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. मग जरा पुढे वाकून तिला हळूच म्हणाल्या, "सावकाश गं बाई. मी थांबलेय."