दामूकाकांचा नांगर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोलाही न्हाई. आज तुम्हाला सांगून राह्यलो — सरळ सांगता येईल का, ते माहीत न्हाई.

मी परतूरचा. मला पोहता येत न्हाई. नोकरी घेताना हे लपवलं — पण मूळ गुन्हा तो न्हाई.

काम कोकणात, एका खाडीच्या तोंडाशी. समुद्राच्या पाण्यात एक यंत्र सोडायचं. ते आवाज सोडतं, आवाज गाळाच्या कणांवर आपटून माघारी येतो. त्यावरून पाण्यात गाळ किती, ते कळतं. पण कधी? त्याच जागचं, त्याच खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरून, त्यातला गाळ वाळवून तोलला, तरच. न्हाईतर नुसता आवाज.

बोट दामूकाकांची. साठीचा माणूस, बोलणं कमी. त्या सकाळी लाटा चढल्या. काकांनी नांगर टाकला, यंत्रही त्यांनीच दोरीनं सोडलं. बाटल्या भरायला मला काठावरून वाकायचं होतं. मी फळी धरून बसलो. हात सुटेचनात.

"घाबरू नका साहेब, मागे फिरू," ते म्हणाले. माझी फजिती त्यांनी कुणाला सांगितली न्हाई.

आणि मी काय केलं? काका डिझेल आणायला गेल्ते, तेवढ्यात धक्क्यापाशीच बाटल्या भरल्या. चिठ्ठ्या लावल्या — खाडीचं तोंड.

आकडे जुळले न्हाईत. जुळणार कसे? आमच्या सरांनी बोलावून विचारलं. यंत्र ठीक, काटा ठीक, मंग चूक कुठं? खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "नांगर सरकला असंल सर. बोट वाहत गेली."

दुसऱ्या दिवसापासून काकांची बोट आमच्या कामावरून बंद.

दिवाळीला परतूरला आल्तो, तेव्हा त्यांचा फोन आला. नांगराचं नाव कुणी पुढं केलं, त्यांना माहीत नव्हतं.

"साहेब, माझा नांगर सरकला नव्हता. तुम्ही होता ना बोटीवर? जरा सांगा त्यांना."

माझ्या भीतीचा शब्दही त्यांनी काढला न्हाई — तेव्हाही.

"बिलकुल सांगतो, काका."

न्हाई सांगितलं.

बोट विकून ते मुलीकडं राहायला गेले, असं नंतर कळलं. दुसऱ्या बोटीनं काम पुरं झालं. मला बढती मिळाली. मी ती घेतली.