पाण्यावरचा पापुद्रा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे झेलताई म्हणत. पेन्सिलीतलं शिसं असतं ना, त्याचाच अवघ्या एका अणूइतका पातळ पापुद्रा म्हणजे ग्राफीन. तो तांब्याच्या पत्र्यावर वाढवायचा, वर आधाराला प्लास्टिकचा थर द्यायचा, मग पत्रा द्रावणात सोडून तांबं विरघळवायचं. उरलेला पापुद्रा पाण्यावर तरंगतो. तो काचेच्या पट्टीवर अलगद झेलणं हे ताईंचं काम. इतक्या वर्षांत एकही फाटला नव्हता, आणि बाईंचा तोराही तसाच!

पण गेले काही महिने ताईंना धूसर दिसत होतं. घरी नवऱ्याने "डोळे का चोळतेस?" विचारलं, की "कांदा चिरला" म्हणून वेळ मारून न्यायच्या. डोळे गेले तर काम गेलं, म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.

आज समोर पाण्याची बशी होती ती प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या एका पोरीची. रक्ताच्या थेंबात आजाराची चाहूल टिपणारा सेन्सर ती या ग्राफीनचा बनवत होती. हा तिच्याकडचा शेवटचा पत्रा.

"ताई, आला का हो?"

"थांब गं बाई, जीव खाऊ नकोस."

ताईंनी मान तिरकी केली, दिवा सरकवला. एरवी पापुद्र्याच्या कडेला चकाकी दिसायची. आज नुसतं पाणी. पट्टी बुडवली, काढली, रिकामी. पुन्हा तेच. झालं, आज पितळ उघडं पडणार!

"नाही सापडत गं," त्या शेवटी म्हणाल्या.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख सर आले. पोरगी बशीकडे बघत होती, ती एकदम रडायलाच लागली. "सर, प्लास्टिकचा थर द्यायचाच राहिला. घाईत तसाच सोडला पत्रा." आधाराशिवाय पापुद्र्याचे केव्हाच तुकडे झाले होते.

ताईंचा जीव भांड्यात पडला. सर पोरीवर चांगलेच उखडले, मग ताईंकडे वळले.

"तरी बरं, ताईंची नजर पक्की! दुसऱ्या कुणी भलतंच काहीतरी झेलून दिलं असतं. नवा पत्रा मागवतो, पण एकच मिळेल. तो ताईंच्याच हाती द्यायचा."

पोरीने डोळे पुसत मान हलवली. तिची सगळी मेहनत आता त्या एका पत्र्यावर होती. ताई गप्प बसल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं?

"सर," त्या म्हणाल्या. हातातली पट्टी त्यांनी खाली ठेवली. "आज पापुद्रा असता ना, तरी मला दिसला नसता."