ज्योत्स्नाचे डॉल्फिन आणि मंगलाबाईंचा गुरुवार

११ डिसेंबर २०२५, गुरुवार. थंडी वाढली. नळाला पाणी आलं नाही, टाकी निम्मी. सिंधुबाई उशिरा आल्या, पण भांडी स्वच्छ. दुपारी ज्योत्स्नाचं डॉल्फिनचं रक्त हरवलं आणि संध्याकाळी सापडलं.

रोजनिशीत एवढंच लिहून ठेवलं, तर पुढे वाचणाऱ्याला वाटेल की म्हातारीला भ्रम झाला होता. म्हणून सविस्तर लिहिते.

ज्योत्स्ना गावित माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. मूळची सुरगाण्याकडची. आश्रमशाळेत शिकली, कॉलेज नाशिकला केलं आणि आता इथल्याच एका प्रयोगशाळेत जनावरांचं रक्त तपासते. आधी गाई-म्हशींचं तपासायची, वर्षभरापासून डॉल्फिनचं. कोकणात कधीमधी एखादा डॉल्फिन वाळूत येऊन अडकतो. गावकरी त्याला परत पाण्यात ढकलतात, पण त्याआधी डॉक्टर त्याचं थोडं रक्त काढून घेतात. ते गोठवून तिच्याकडे येतं.

"अगं, पण नाशिकला समुद्र कुठे?" मी विचारलं होतं.

"समुद्र कशाला हवा, काकू? फ्रीझर हवा."

गंमत म्हणजे तिने जिवंत डॉल्फिन अजून पाहिलेला नाही. मात्र त्यांच्याबद्दल बोलते सासरच्या माणसांसारखं. "ह्याचं यकृत बरं नाही." "ही बाई गाभण होती." तिच्या आजीने एकदा विचारलं, "त्या माशाला काय झालं गं?" तर म्हणाली, "मासा नाही आजी, तो पिल्लाला दूध पाजतो." आजी म्हणाली, "पाण्यात?"

रक्तात नेमकं काय शोधतेस, हे मीही विचारलं होतं. ती म्हणाली, काही प्रथिनं आणि काही पुटिका. पेशी इवल्या इवल्या पिशव्या भरून एकमेकींना पाठवत असतात. "आई मला बसने डबा पाठवते ना, तसंच." तिच्या आईचा डबा मीही खाते. नागलीचे पापड जाड आले की ज्योत्स्ना म्हणते, आईचा खांदा दुखतोय. चटणी आलीच नाही, तर घरात भांडण. फोनवर मात्र आई कायम "बरंय" म्हणते. "डॉल्फिनही बरंयच म्हणतो, काकू. त्याच्या डब्यात डोकवावं लागतं."

तर आज दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"काकू, खोक्यात सुरमई आहे."

"मग तळ."

"काकू! रक्ताच्या जागी सुरमई आहे!"

सकाळी कोकणातून आलेल्या खासगी बसमधून तिने पांढरं थर्माकोलचं खोकं उचललं होतं. तशी दोन होती. हिने घाईत दुसरं घेतलं. नाव आणि फोन नंबर होता म्हणे, पण खालच्या बाजूला. आता तिचं खोकं मंगलाबाई नावाच्या कोणाकडे इंदिरानगरला गेलं होतं. आतला कोरडा बर्फ उडून गेला की नळ्या वितळणार आणि पुटिका फुटणार. पुन्हा मागवावं म्हटलं, तर तो डॉल्फिन केव्हाच समुद्रात गेला. तो काही परत रक्त द्यायला येणार नाही.

"मग फोन कर त्या बाईंना."

"केला. त्या म्हणाल्या, आज गुरुवार, खोक्याला हात लावणार नाही, उद्या या. आणि ठेवून दिला."

मी साडी बदलली. आम्ही रिक्षाने गेलो.

मंगलाबाई दारातच उभ्या. मूळच्या दापोलीच्या, आवाज समुद्राच्या काठचा. आत महालक्ष्मीचा घट मांडलेला, उदबत्तीचा वास. "लेकीला लाख वेळा सांगितलं, मार्गशीर्षात गुरुवारी मासळी पोचेल अशी धाडू नको! ऐकेल तर शपथ. खोकं घरात घेतलंच नाही मी. जिन्याखाली ठेवलंय. उद्या उघडेन."

"मावशी, त्यात मासळी नाहीये," ज्योत्स्ना म्हणाली. इथवर ठीक होतं. "त्यात रक्त आहे."

मंगलाबाईंनी दाराची चौकट धरली. "कोणाचं?"

"डॉल्फिनचं."

"घट मांडलाय घरात आणि माझ्या जिन्याखाली रक्त?" मग त्यांनी डोळे बारीक केले. "का माझी सुरमई लाटायला आलात?"

ज्योत्स्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "मंगलाबाई, तुमची सुरमई हिच्याकडे सुखरूप आहे. हे खोकं फाटकाबाहेर, रस्त्यावर उघडू. तुम्ही पाठ करून उभ्या राहा, म्हणजे व्रतही मोडणार नाही."

हे त्यांना पटलं. फाटकाबाहेर ज्योत्स्नाने हातमोजे घालून चिकटपट्टी कापली. झाकण जरासं उचलताच पांढरा धूर बाहेर लोटला आणि तिच्या पायांवरून वाहू लागला. पाठ करून उभ्या असलेल्या मंगलाबाई अर्थातच वळून बघत होत्या.

"अगो बाई! देवी आली की काय?"

"बर्फ आहे, मावशी." ज्योत्स्ना एकेक नळी उचलून बघत होती. सगळ्या दगडासारख्या टणक. ती रस्त्यावरच मटकन बसली आणि हसायला लागली. "उघडलं नाही म्हणून वाचलं! दुसऱ्या कोणीही सकाळीच उघडलं असतं."

"मग?" मंगलाबाई म्हणाल्या, जणू हे सगळं त्यांनी आधीच ठरवलं होतं. "उपास उगीच करते होय मी?" त्यांनी ज्योत्स्नाला आत नेऊन हळदीकुंकू लावलं, हातात केळं दिलं आणि विचारलं, "बरा होईल ना गं तो तुझा डॉल्फिन?"

"तो समुद्रात परत गेला, मावशी. पण आता पुढचा अडकला, की त्याला काय होतंय ते लवकर कळेल."

ज्योत्स्ना त्याच रिक्षाने प्रयोगशाळेत गेली. सातला फोन आला, नळ्या फ्रीझरमध्ये. सुरमईला मात्र साहेबांनी तिथे ठेवू दिलं नाही. मंगलाबाईही आज घेईनात, म्हणून ज्योत्स्ना ती घरी घेऊन आली. मग रोजनिशीत मी शेवटी लिहिलं:

सुरमई आपल्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवली. मटार खाली हलवले. मंगलाबाई उद्या सकाळी नेतील.