राधाबाईंची भट्टी आणि गंगुबाईंची चिंच

परळच्या आमच्या चाळीत दिवाळीचे पहिले अभ्यंगस्नान माणसांचे नसते, राधाबाई सकपाळांच्या भट्टीचे असते. भट्टी हा शब्द त्यांचा. वस्तुतः तो विजेवर चालणारा, पोलादी अंगाचा ओव्हन असून तळमजल्यावरच्या त्यांच्या गाळ्यात तीन वर्षांपूर्वी आला. त्याआधी तिथे लाकडांची भट्टी होती. ती यजमानांनी बांधली आणि त्यांच्या पश्चात राधाबाईंनी एकटीने चालवली. सून दीपिका हिने ओव्हन आणला, तेव्हा राधाबाईंनी एकच अट घातली: जुन्या भट्टीचे सारे मानपान यालाही मिळतील.

दिवाळीपूर्वी घरोघरच्या बायका मैदा, साखर आणि तूप मळून नानकटाईचा गोळा डब्यातून आणतात आणि राधाबाई तो भाजून देतात. पहिला ट्रे आत जाण्याच्या आदल्या दिवशी ओव्हन बंद करून, थंड होऊ देऊन, सोड्याच्या पाण्याने आतबाहेर पुसतात, कुंकू लावतात आणि झेंडूचा हार घालतात. यंदाही हे सर्व यथासांग पार पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यांची रांग जिन्यापर्यंत पोहोचली. आमचाही डबा तीत असल्यामुळे पुढील प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. पहिला मान दुसऱ्या मजल्यावरच्या गंगुबाईंचा. त्या वयाने वडील होत्याच, शिवाय गंगुबाईंचा डबा जिथे जाईल तिथे चाळीचे डबे जातात, हे सर्वमान्य होते.

गंगुबाईंचा ट्रे बाहेर आला, तो काळाठिक्कर.

"राधे, ही नानकटाई आहे?"

"जरा लालसर झालीय," राधाबाई म्हणाल्या.

"लालसर? हिला बघून कावळा ओळख दाखवेल."

"थोडी खरवडून घे गो."

"ऐक. अजून एक ट्रे देते. तोही असाच आला, तर नाक्यावर ती काचेची नवी बेकरी उघडलीय. डबा उचलीन आणि चालू लागेन."

रांगेतले डबे किंचित खणखणले, जणू उचलण्याचा सराव सुरू झाला. राधाबाईंचा चेहरा उतरला. रांग त्या काचेच्या दाराकडे वळली, तर ती पुन्हा इकडे फिरणार नव्हती.

निदाने भराभर आली. कुणी दृष्ट लागल्याचे सांगितले, कुणी समोरच्या टॉवरमुळे वीज जास्त येते असे म्हटले. राधाबाईंच्या मते हारातली फुले यंदा कमी पडल्याने भट्टी रुसली होती. दीपिकाने मात्र वरळीच्या बीडीडी चाळीत राहणाऱ्या, हॉटेलांचे ओव्हन दुरुस्त करणाऱ्या राजरत्नला फोन केला. तो पिशवी घेऊन आला.

"परवापर्यंत बरा होता?"

"एकदम बरा."

"मग मध्ये काय केलंत?"

"काही नाही," राधाबाई आणि गंगुबाई एकाच वेळी म्हणाल्या. त्यात खोटेपणा नव्हता. आंघोळ घालणे हे काही करणे आहे, असे त्यांना वाटलेच नव्हते.

राजरत्नने बटण एकशे साठवर ठेवले आणि आपला तापमापक आत सरकवला. आकडा एकशे साठ ओलांडून दोनशे ऐंशीकडे धावला, तरी तापण्याचा लाल दिवा विझेना. त्याने बटण शून्यावर आणले. दिवा तत्काळ विझला.

"म्हणजे बटण शहाणं आहे," तो म्हणाला. "सांगितलं की बंद होतं. फक्त आत किती तापलंय, ते त्याला कळत नाही."

"आमच्या जावयासारखं," गंगुबाई म्हणाल्या.

ओव्हन निवल्यावर त्याने विजेरी घेऊन आत डोके घातले. आतूनच त्याचा आवाज आला, "काकी, मागच्या भिंतीला दोन चिमटे दिसतात. त्यांत तांब्याची एक कांडी असते. ती कुठाय?"

राधाबाईंनी गंगुबाईंकडे पाहिले. गंगुबाईंनी छताकडे.

दीपिकाने दाराच्या कोपऱ्यावरचा झेंडूचा हार हळूच उचलला. त्यामागे, दाराच्या फटीतून बारीक तारेने बाहेर आलेली ती कांडी पंख्याच्या वाऱ्यात झुलत होती, देवघरातल्या पळीसारखी लखलखीत. हार तिलाच अडकवला होता.

"ही आतली गरमी बटणाला कळवते," राजरत्न म्हणाला. "तुम्ही हिला पंख्याखाली बसवलीत. आत वणवा पेटलाय आणि ही सांगतेय, थंडी आहे, वाढवा."

"घासायला बाहेर ओढली," राधाबाई म्हणाल्या. "दोन वर्षं बरी होती, यंदा काळी पडली."

"कशाने घासलीत?"

"चिंचेने. तांबं कशाने घासतात?"

राजरत्नने कांडी बोटांत फिरवून पाहिली. "मग परत आत का नाही ठेवली?"

"इतकी उजळल्यावर अंधारात? चार माणसांना दिसायला नको? हार मागाहून घसरला तिच्यावर."

"आई," दीपिकाने विचारले, "घरातली चिंच तर मागेच संपली होती ना?"

गंगुबाईंनी हातात उचललेला डबा हळूच खाली ठेवला. "मी फक्त चिंच दिली."

"आणि 'टोक अजून काळं आहे गो, नीट घास' म्हणून डोक्यावर कोण उभं होतं?" राधाबाईंनी विचारले.

प्रथम गंगुबाईंचे खांदे हलले, मग पोट, मग त्या भिंतीला टेकल्या. राधाबाई पिठाच्या पोत्यावर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. जिन्यावर बायका एकमेकींना धरून हसत होत्या आणि डब्यांची झाकणे खडखडत होती. राजरत्न गंभीर चेहऱ्याने पुन्हा ओव्हनमध्ये शिरला, पण आत गेल्यावर त्याचाही धीर सुटला. ते हसू पोलादी भिंतींवर आपटून असे घुमले, की भट्टीच हसते आहे असे वाटावे. मग कुणालाच थांबता येईना.

कांडी वाकलेली नाही याची खात्री करून त्याने ती चिमट्यांत बसवली. हार दाराच्या मुठीला गेला. ओव्हन रिकामा तापवला. आकडा एकशे साठवर आला आणि लाल दिवा आपोआप विझला, तेव्हा जिन्यावर टाळ्या पडल्या. गंगुबाईंचा दुसरा ट्रे बाहेर आला तो फिकट बदामी, वर नाजूक चिरा पडलेला. पहिली नानकटाई राजरत्नच्या हातावर पडली, दुसरी गंगुबाईंच्या.

दिवसभर नवे डबे येत राहिले आणि प्रत्येकाला गंगुबाई स्वतः हकिगत सांगत राहिल्या. सकाळच्या हकिगतीतला चिंचेचा गोळा दुपारच्या हकिगतीत बोटभर झाला. संध्याकाळी त्या सांगत होत्या, की चिंच खरे तर आमटीसाठी आणली होती, राधाच ती उचलून घेऊन गेली. राधाबाईंनी एका शब्दानेही हरकत घेतली नाही. गंगुबाईंचा डबा राधाबाईंच्याच फळीवर होता, आणि त्याच्यामागे जिन्यापर्यंत रांग.