पिवळ्या पिशवीपाशी आलेली हाक

खरं सांगायचं तर भुताखेतांच्या अनुभवांच्या या पानावर मी फक्त वाचायला येते. वाचते, मनातल्या मनात हसते आणि पुढे जाते... इतकी वर्षं नर्सिंगमध्ये काढल्यावर माणूस गेला म्हणजे गेला, हे डोक्यात पक्कं बसतं. आजही मी भूत-बित मानत नाही. पण जे घडलं ते घडलं — म्हणून लिहितेय.

कर्जतमधल्या एका छोट्या प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये मी सिस्टर आहे. हॉस्पिटलच्या मागे एक बोळ, बोळाच्या टोकाला कचऱ्याची खोली आणि तिच्या शेजारी मागचं गेट. पट्ट्या, रक्ताचा कापूस वगैरे पिवळ्या पिशवीत, प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत आणि सुया कडक पांढऱ्या डब्यात. रोज दुपारी गाडी येते आणि हे सगळं घेऊन जाते. खोपोली, शिळफाटा, कर्जत, कळंब... सगळीकडच्या दवाखान्यांचा कचरा तीच उचलते.

माझे मिस्टर, एकनाथ, त्या गाडीवर ड्रायव्हर होते. त्याच गेटवर आमची ओळख झाली. "आमचं लगीन कचऱ्यानं जमवलं," असं हे ज्याला त्याला सांगायचे आणि मी लाजून लाल व्हायचे. मूळचे कळंबकडचे. मला 'सुमे' म्हणायचे. माहेरी मी सुमन, हॉस्पिटलात सिस्टर नाहीतर मॅडम. 'सुमे' म्हणणारे हे एकटेच.

कोविडमध्ये गाडी भरभरून वाहायची. त्यातच हे आजारी पडले, पनवेलला हलवलं आणि तिथेच गेले. चेहरासुद्धा बघू दिला नाही. शेवटी त्यांनाही पिशवीतच बांधून नेलं...

घरात फोटो खूप आहेत. पण ज्या मोबाईलमध्ये त्यांचे व्हॉइस मेसेज होते, तो पुढे बंदच पडला. शिळफाट्याच्या दुकानदारानेही हात टेकले. तेव्हापासून एकच भीती — आवाज विसरायला लागले होते मी. रात्री डोळे मिटून आठवायचा प्रयत्न करायचे. शब्द आठवायचे, आवाज नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी ऑपरेशनं जास्त झाली होती, म्हणून पिशव्या बांधायला मीच मागे गेले. मंगलमावशी बोळ धूत होत्या. त्या नव्याच लागलेल्या, ह्यांना कधी बघितलेलंही नाही. एक पिवळी पिशवी तोंडापर्यंत भरलेली, गाठ बसेना. अशा वेळी वरून तळहाताने दाबून हवा काढायची वाईट सवय सगळ्यांनाच असते. मी हात उचलला...

"सुमे, थांब गं! हात नको लावू."

मागून. गेटच्या बाजूने. मी थांबले — घाबरून नाही, घरातलं माणूस बोललं की आपण थांबतो तशी. मग लक्षात आलं. वळून बघितलं. गेटला आतून कडी. पलीकडे रिकामा रस्ता आणि ऊन.

"मॅडम, गाडी आली काय?" मंगलमावशींनी बोळातून विचारलं.

"का हो?"

"गड्याचा आवाज आला ना. सुमे म्हनला कुनीतरी. म्हटलं, मॅडमला सुमे कोन म्हनतंय?"

मी पिशवीकडे वळले. चिमट्याने वरचा कापूस बाजूला केला. खाली वापरलेली सुई होती, टोपण नसलेली, टोक वर. माझा तळहात नेमका तिथेच पडला असता. कोणाच्या अंगातून आलेली, त्या रक्तात काय होतं... कळायला मार्गच नव्हता. सुई उचलून पांढऱ्या डब्यात टाकली आणि आवाज कोणाचा होता ते मावशींना सांगितलं. गाडी त्यानंतर बऱ्याच वेळाने आली. ड्रायव्हर म्हणाला, "मी तर आत्ता खोपोलीवरून येतोय."

मला वाटलं होतं, मी घाबरेन. झालं उलटंच. मी रोज दुपारी तिथे जायला लागले. काम नसलं तरी. पिशव्यांपाशी उभी राहायचे, कान गेटकडे. एकदाच... फक्त 'सुमे' म्हटलं तरी चाललं असतं.

एके दिवशी मी हातमोजे काढले. समोर तशीच भरलेली पिशवी. मी उघडा हात तिच्यावर नेला, अगदी हळूहळू... त्यांना बोलायला वेळ मिळावा म्हणून.

काहीच नाही. लांब कुठेतरी टेंपो रिव्हर्स घेत होता, तेवढंच.

मनगट मात्र कुणीतरी घट्ट धरलं. मंगलमावशी. ओल्या हाताने.

"तो एकदा सांगून गेला ना? आता मी सांगते हाय. नका लावू हात."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले. हे गेल्यापासून पहिल्यांदाच.

स्वतःला मी बरंच समजावलं. सुईचं टोक डोळ्यांना दिसलं असेल, मनानेच आवाज काढला असेल. पण मग मावशींनी काय ऐकलं? डॉक्टरांनाही विचारलं, ते नुसतेच हसले.

पुढच्या सुट्टीला कळंबला गेले, तेव्हा सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कसं, का, काहीच विचारलं नाही. चुलीपुढे बसून ऐकत होत्या. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "सुमन, येक इचारू? बोलताना त्याला धाप लागत व्हती का गं? पनवेलातनं फोनवर बोलला तवा येक शबुद धड निघत नव्हता..."

मी आठवून बघितलं. खरंच, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"नाही आई. सरळ बोलले. एका दमात."

"मंग बरा हाय," त्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली.