गाठीची कुळी

"वस्तरा खाली ठेव. मी जिती हाय अजून, दिसत नाय तुला?"

महाडच्या एसटी स्टँडाजवळच्या सलूनच्या दारात उभी राहून आमची आई ओरडत होती. आवाज असा, की सावित्री नदीच्या पलीकडची कुत्रीसुद्धा उठून बसली असतील. खुर्चीत माझा थोरला भाऊ, गळ्याभोवती पांढरं फडकं, डोक्यावर फेस. न्हाव्याचा हात हवेतच थांबलेला. आमच्याकडे बाप्या माणसाचं डोकं तुळतुळीत दिसलं की माणसं पहिलं विचारतात, कोण गेलं? बाप आमचा केव्हाच गेलेला. म्हणजे उरली कोण, हे सलूनमध्ये बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

"आजी, केसच हायत, परत येतील," न्हावी म्हणाला.

"येतील ना. मी गेल्यावर काढ. तवा तुला जीप करून वर गावाला, कुडपणला नेऊ."

मी एमआयडीसीतली रात्रपाळी उरकून थेट तिथे आलो होतो. डोळे असे मिटत होते, की बाकावर टेकलो असतो तर न्हाव्याने माझंच डोकं करून हातात दिलं असतं आणि मला दुपारी कळलं असतं. भांडण सोडवायला माझ्यात जीव नव्हता.

हे मुंडण कशापायी, ते सांगतो.

दादा कुडपणला गुरं आणि शेती बघायचा. पठाराच्या कडेला उभा राहून त्याने म्हशीला हाक मारली, की खाली पोलादपूरच्या स्टँडात कंडक्टर घंटी मारून गाडी थांबवायचा, असं मी कंपनीत सांगत असे. थोडं कमी करून घ्या. पण गुरं त्याच्याच हाकेला यायची, एवढं खरं. माझ्या हाकेला शेपूटही हलवायची नाहीत. एकदा नाचणीच्या शेतात त्याला झटका आला. मग पुन्हा आला. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत गाठ आहे, डाव्या बाजूला, जिथून माणूस बोलतो त्या जागेला खेटून. कुठल्या जातीची ते कळायला कवटीला भोक पाडून सुईने तुकडा काढावा लागेल.

"आणि तुकडा काढताना वाचा जाऊ शकते," ते म्हणाले.

दादाने विचारलं, "मग गुरांना बोलवायचं कुनी?"

डॉक्टरांनी आधीचा फोटो पुन्हा उजेडात धरला.

मग म्हणाले, की एक नवं करून बघू. काही गाठींच्या पेशींमध्ये गुणसूत्रांचे दोन तुकडे गळून गेलेले असतात. अशी गाठ सावकाश वाढते आणि औषधाला दाद देते. आजवर हे कळायला गाठीचा तुकडाच लागायचा. आता एमआरआयवरच जास्तीच्या तपासण्या करता येतात. गाठीत रक्त किती खेळतंय, आत कुठली रसायनं किती आहेत, कडा कशा आहेत, हे बाहेरूनच बघून आतल्या गुणसूत्रांचा अंदाज बांधायचा. "अंदाज," ते दोनदा म्हणाले. "खात्री नव्हे. पण अंदाज चांगला निघाला, तर सुईची घाई करणार नाही."

कंपनीत मी हे जरा सजवून सांगितलं. मशीन गाठीला विचारतं, तू कोणाची, कुठल्या कुळीतली? आणि गाठ बिनचूक सांगते. आमच्या तालुक्यात सोयरीक जुळवताना माणसं इतकं खरं बोलत नाहीत.

पहिल्या खेपेला मशीनने ठोकाठोकी केली, अशी की आत घिसाडी बसवलाय असं वाटावं. पण फोटो आला तो भोकं पडलेला. टाळूच्या जागी काळे खड्डे, आणि रसायनांचा आलेख म्हणजे लावणीनंतर गुरं घुसलेलं शेत. मशीनवरचा माणूस म्हणाला, "डोक्याला लोखंड आहे का काही? पिन, क्लिप?" मी आईची शपथ घेऊन नाही म्हणालो. दादा घाईने टोपी घालायला लागला.

परतताना पोलादपूर जवळ आल्यावर एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत तो म्हणाला, "आयनं तेल लावलंय."

भगताने सांगितलं होतं, झटके आणणारं जे काय असेल ते लोखंडाला भितं. म्हणून आईने कोयत्याला कानस मारून त्याचा कीस काढला, करंजेलात कालवला आणि रोज रात्री लेकाच्या टाळूत जिरवला. आणि आम्ही ते डोकं नेऊन घातलं कशात, तर भल्यामोठ्या लोहचुंबकात. तो कीस नुसता धुऊन जाणार नाही, केसांच्या मुळाशी बसतो, असं फोनवर तो मशीनवरचा माणूस म्हणाला. डोकं साफ करून आणा. पुन्हा नंबर लावा. पुन्हा रजा, पुन्हा साहेबांसमोर उभं राहणं, पुन्हा महामार्गावरचे सगळे खड्डे पार्श्वभागाने मोजणं.

तर सलून. फेस सुकायला लागला होता. दादा आरशातूनच आईला म्हणाला, "आये, तेल लावलं कुनी?"

आईने माघार घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच, असं मी सगळीकडे सांगतो. मग आत आली, मला बाजूला सारलं आणि बाक ओढून दाराच्या मधोमध बसली. "काढ. मी हितं बसते. ज्याला इचारायचं त्यानं मला बघून घ्यावं."

आणि बसली. ओळखीचं कोणी दिसलं की हाक मारायची, "बरी हाय रे मी." वर जाताना जीपमध्ये डायव्हरच्या शेजारी, पुढे. वाटेतल्या प्रत्येक वाडीला आधी जिवंत आई दिसायची, मग मागच्या बाकावरचं तुळतुळीत डोकं. तरी एका म्हातारीने मला बाजूला घेऊन विचारलंच, की झालं कसं. मी म्हटलं, समोर बसलीय तिलाच विचार.

दुसऱ्या खेपेला फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी आणखी दोघांना बोलावून दाखवला, आपसात बोलले, आणि आम्हाला म्हणाले, सगळ्या खुणा एकाच बाजूला बोट दाखवतात. बहुतेक ती मवाळ जात. सुई आता नको. झटक्याच्या गोळ्या चालू ठेवा, काही महिन्यांनी पुन्हा फोटो. वाढली किंवा अंदाज चुकला असं वाटलं, तर सुई आहेच.

परतीच्या वाटेवर मी मनात जुळवाजुळव करत होतो, की हे गावात कसं सांगायचं. एरवी माझी गोष्ट पेणपर्यंत तयार होऊन महाडला दुप्पट होते. त्या दिवशी एक थाप सुचेना. दादा खिडकीला डोकं टेकून झोपला होता आणि गाडी आदळली की ते बोडकं डोकं काचेवर आपटत होतं. मी मध्ये माझा हात धरला. हाताला मुंग्या आल्या तरी काढला नाही.

घरी आई उंबऱ्यावरच होती.

"गाठ चांगल्या कुळीतली निघाली, आये," मी म्हटलं. "डोकं फोडायचं नाय."

तिने हात जोडून कपाळाला लावले. मग जरा थांबून विचारलं, "चांगल्या कुळीतली हाय, तर जाईल कधी?"

मी तोंड उघडलं, पण दादा खुंटीला शर्ट अडकवत आधी बोलला.

"जायाची नाय. हळू वाढंल."