लॅपटॉप मामाने नाही, मी निवडलाय!

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

मला मेकॅनिकलला ॲडमिशन मिळालीय. पप्पा चाकणला कंपनीत, फर्स्ट शिफ्टला. म्हणून लॅपटॉप घ्यायला मामासोबत निगडीला गेले.

मी दुकानदाराला म्हटलं, "डिझाइनचं सॉफ्टवेअर चालेल असा दाखवा. ग्राफिक्स कार्ड पाहिजे."

तो मामाकडे बघून म्हणाला, "सर, मुलींना हा हलका बरा पडतो. गुलाबी रंग पण आहे."

मामा लगेच, "छान आहे की गं!"

"यावर थ्रीडी मॉडेल उघडलं की हँग होईल. तो काळा जाडजूड दाखवा."

"ताई, तो जड आहे."

"मग? उचलणार मीच आहे ना!"

बराच वाद घालून तोच घेतला. त्या दुकानात खरेदी झाली की गिऱ्हाइकाचा बॉक्स धरून फोटो काढतात. बॉक्स दिला कुणाच्या हातात? मामाच्या! मी सरळ ओढून घेतला.

संध्याकाळी दुकानाच्या पेजवर तो फोटो आला. बॉक्स माझ्या हातात, आणि वर लिहिलंय, "भाचीसाठी मामांची खास पसंती!"

मी खाली कमेंट केली, "पसंती माझी आहे." त्यांनी उडवली. परत केली, परत उडवली.

शेवटी मामानेच लिहिलं, "मला गुलाबी आवडला होता. भाचीने ऐकलं नाही, बरं झालं."

मामाची कमेंट अजून जागेवर आहे. का बरं, सांगता का कुणी?